लिटरमागे सत्तावीस

हायब्रीड गाडी घेतली तेव्हा शोरूममध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं, हायवेवर लिटरमागे सत्तावीस किलोमीटर. अमरावती-अकोला पहिल्याच फेरीत मला अठरा मिळाले. मी मुळातच तापट. गाडी बाजूला घेऊन शोरूमला फोन लावायला निघाले, तर शेजारी बसलेले बाबा शांतपणे म्हणाले, "गाडीले काहून दोष देऊन राहिली? पाय तं तुयाच हाय."

बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली. तिथे दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती धावली, यावर ड्रायव्हरची पत ठरते. डिझेल वाचवल्याबद्दल डेपोत त्यांना दोनदा शाल-नारळ मिळाला होता. आता काचबिंदूने त्यांची नजर दोन्ही बाजूंनी आक्रसत चालली आहे, म्हणून दर दोन महिन्यांनी मी त्यांना अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते. आहे ती नजर टिकावी, एवढंच आमचं मागणं. स्टिअरिंग सुटल्याचं दुःख बाबा बोलून दाखवत नाहीत, माझ्यावर काढतात.

त्यांची शिकवणी घरापासूनच सुरू व्हायची. टायर गार असतानाच हवा तपासायची. ऐंशीच्या वर जायचं नाही. टोलनाक्यापर्यंत गाडी दामटत नेऊन ब्रेक मारायचा नाही, लांबूनच पाय उचलायचा. पाय उचलला की ही गाडी आपली बॅटरी भरून घेते, हे मी पुस्तिकेत वाचलं होतं. बाबांनी न वाचता सांगितलं. "उताराले गाडी चालवू नाही, चालू द्यावं," म्हणाले. एकदा मे महिन्यात आकडा वाढावा म्हणून मी एसी बंद केला, तर म्हणाले, "चालू कर. बापाले भाजून अ‍ॅव्हरेज काढत नसतात."

बडनेरा ओलांडेपर्यंत आमचं एकदा तरी वाजायचंच, आणि मूर्तिजापूरला चहा पिताना पुन्हा गोडी. दिवाळीनंतरच्या एका फेरीत अखेर सत्तावीस पडले. बाबांनी चहावाल्याला बोलावून सांगितलं, "पोरीनं सत्तावीस काढला." त्या माणसाला काही कळलं नाही. माझे मात्र डोळे भरून आले.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, औषध बदलूनही नजर कमी होतेच आहे. परतताना मी कोणावर चिडले होते कोण जाणे. बोरगाव मंजू मागे पडलं तेव्हा काटा शंभरावर होता.

"हळू चालव," बाबा म्हणाले.

"राहू द्या ना बाबा आज ते अ‍ॅव्हरेज."

"अ‍ॅव्हरेजसाठी नाही म्हणून राहिलो. दिसते तवर रस्ता पाहू दे मले."

मी साठवर आले. ट्रक हॉर्न वाजवत पुढे जाऊ लागले. बाबा काचेला कपाळ टेकवून मला एकेक दाखवत होते. ती विहीर, तो कापसाचा जिनिंग कारखाना, मग रस्त्याच्या कडेने गेलेली कडुलिंबांची रांग.

"किती दाट झाले यंदा," ते म्हणाले.

ती झाडं रस्ता रुंद करताना केव्हाच तोडली होती. "हो बाबा, मस्त दाट झाले," मी म्हटलं आणि गाडी आणखी हळू केली.