डिटेक्टिव्हची बायको

माझ्या डिटेक्टिव्हला घर नव्हतं. तो स्टेशनजवळच्या लॉजवर राहायचा, कोरा चहा प्यायचा आणि कुणाला न सांगता निघून जायचा. हे मी सोयीसाठी केलं होतं. रहस्यकथा शहाण्णव पानांत संपवावी लागे. प्रकाशक त्यावर एक पान देत नसे. माणसाला घर दिलं की जेवणाची वेळ येते, बायको कुठे निघालात म्हणून विचारते, आणि दोन पानं तिथेच जातात.

ही त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी जळगावात एका डाळमिलच्या ऑफिसात हिशेब पाहायचो आणि खोली घेऊन एकटा राहायचो. बायको धुळ्याला शाळेत शिकवायची, मुलगी तिच्याजवळ. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने धुळ्याला जायचं, सोमवारी पहाटे परतायचं, असं ठरलेलं होतं. पण महिन्याला एक पुस्तक द्यायचं तर लिहायला रविवारच लागे. हळूहळू जाणं कमी झालं.

मग मुंबईच्या एका निर्मात्याने माझी एक कादंबरी सिनेमासाठी घेतली. पटकथा आणि संवादही मीच लिहावेत असं ठरलं. खून, पाठलाग, चौकशी त्याला पसंत पडलं. फक्त नायकाला बायको हवी म्हणाला. बायका थिएटरात यायला हव्यात. नवरा घरी आलाय, एवढा एक साधा प्रसंग लिहा. तो जमला तर पुढचे दोन सिनेमेही तुमचेच.

तोच मला जमेना. बायकोच्या तोंडी घातलेलं प्रत्येक वाक्य पोलिसी उलटतपासणीसारखं होई. शेवटी मिलमधून पंधरा दिवसांची रजा काढली आणि धुळं गाठलं. घरात माणसं बोलतात कशी, ते ऐकावं म्हणून.

घरात बोलणं चालू असे, पण मी आत गेलो की थांबे. मुलगी पुस्तक उचलून शेजारच्या अक्कांकडे जाई. बायको माझ्याशी शुद्ध बोले, शाळा तपासायला आलेल्या साहेबांशी बोलावं तसं. चहा घेणार का, पाणी तापलंय, एवढंच. तिसऱ्या दिवशी मी दाराआत बसलो होतो आणि ती ओट्यावर अक्कांबरोबर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिथे तिची अहिराणी अशी सुटली होती की मी लिहायचं थांबवून ऐकत राहिलो. आज दोन-दोन भाज्या कशाला, असं अक्कांनी विचारलं. ती म्हणाली, "अक्का, मना घर पाव्हना येल शे."

अक्का इतक्या हसल्या की शेंगांची पाटी कलंडली. खरं सांगायचं तर वाक्य फार चांगलं होतं.

त्याच दुपारी प्रसंग एका बैठकीत लिहून झाला. नायकाची बायको शेजारणीला हेच सांगते आणि नायक आतून ते ऐकतो. तिला न विचारता धाडायला मन घेईना, म्हणून वाचून दाखवला. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं.

"मग तो काय म्हणतो?"

"काही नाही. कोट उचलतो आणि बाहेर पडतो."

"बरोबर लिहिलंय," ती म्हणाली आणि मुलीला हाक मारायला दारात गेली.

पाकीट लगेच टाकलं नाही. त्या माणसाच्या तोंडी एखादं वाक्य घालता येईल का, हे दोन दिवस पाहत होतो. 'मी आता इथेच राहतो', एवढंही पुरलं असतं. पण ते लिहिलं असतं तर तिला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचून दाखवल्यावर पाळावंही लागलं असतं. प्रसंग होता तसाच टपालात टाकला.

आठवड्याने मुंबईहून तार आली. प्रसंग पसंत, ताबडतोब या. रजेचे तीन दिवस अजून शिल्लक होते. मी त्याच संध्याकाळी मुंबईच्या एसटीत बसलो.