बाबांचं पाणी आणि माझं पत्रक

माझी पत्रकं कोणी वाचत नाही, हे मी फार पूर्वीच मान्य केलं होतं. त्यातलं एक आमच्याच घरात मनापासून वाचलं गेलंय, हे मला बाबांना डेंग्यू झाल्यावर कळलं.

बाबा खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले कामगार-पुढारी. (मला बडबडगीतांच्या आधी मागण्यांची यादी पाठ होती!) डॉक्टरांनी बजावलं, "दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर उद्या ॲडमिट आणि सलाइन."

त्याच सकाळी आईने आमच्या वारज्याच्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत फिल्टरचा, तोटीचा डिस्पेन्सर आणून ठेवला. फक्त बाबांसाठी, आम्हाला माठ होताच. अशा यंत्राला माझा वर्षानुवर्षांचा विरोध! पण बाबा तापाने फणफणले होते, म्हणून मी गप्प बसले. अगदीच शरणागती नको, म्हणून वर एक कागद तेवढा चिकटवला : 'पाणी ही विकायची वस्तू नाही. ज्याला तहान, त्याचं पाणी!'

"ग्लास मोजायला हवेत गं," आई म्हणाली.

"आजारी माणसावर पाळत? ही हुकूमशाही झाली, आई!"

"मग कळणार कसं?"

मी पारदर्शक टाकीवर पेनाने रेघ मारली. "पाणी जेवढं उतरेल, तेवढं बाबा प्यायले."

दुपारपर्यंत दोन लिटर उतरलं. आतल्या खोलीत बाबांच्या उशाशी ग्लास कधी बघावा तर भरलेलाच! स्वतः उठून पुन्हा भरून आणतात, असं आम्ही समजलो. संध्याकाळी पाच लिटर! मी डॉक्टरांना विजयी आवाजात फोन केला.

"पाच? बरं. लघवीला किती वेळा गेले?"

मी आईकडे पाहिलं. आईने एक बोट वर केलं.

"एकदा," मी म्हणाले.

पलीकडून डॉक्टर कडाडले, "ताबडतोब घेऊन या!"

पाच लिटर पाणी गेलं कुठे? किडनी? फुप्फुसं? आई रिपोर्ट शोधायला लागली, मी रिक्षा शोधायला लागले आणि चप्पल मात्र दोघींनाही सापडेना!

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले कुलकर्णीकाका आले. हातात रिकामी दोन लिटरची बाटली.

"दुपारी नेलेलं संपलं. छान आहे हो तुमचं पाणी!"

"तुम्ही भरून नेलंत?"

"मीच काय, समाचाराला आलेला प्रत्येक जण प्यायला! पुण्यात पाट्या माणसाला हाकलायला असतात. बोलावणारी पहिल्यांदाच पाहिली. मग मान नको ठेवायला?"

मी आत धावले. "बाबा! आज किती पाणी प्यायलात? खरं सांगा."

"दोन कप चहा झालाय," बाबा क्षीण आवाजात म्हणाले.

"आणि हा ग्लास?"

"सकाळचाच आहे."

त्यांनी उशीखालून एक पिवळा पडलेला कागद काढला. माझंच, कॉलेजातलं पत्रक! 'यंत्रातल्या पाण्याचा एक घोटही म्हणजे शरणागती!'

"तेव्हा पटलं होतं मला," बाबा म्हणाले.

"अहो, मी मूर्ख होते! प्या आधी!"

"असं तोंडी चालत नाही. पत्रक लेखी आहे, माघारही लेखी दे."

डॉक्टरांना खरा प्रकार कळवला. "मग पाजा आधी!" ते ओरडले. "तासाभरात लघवी झाली नाही, तर मात्र आणा." मी लिहिलं : 'सदर पत्रकातील मजकूर मी बिनशर्त मागे घेत आहे.' बाबांनी चष्मा मागवला, दोनदा वाचलं, 'बिनशर्त'खाली रेघ मारली आणि मगच ग्लास तोंडाला लावला. मग दुसरा. मग तिसरा.

पाऊण तासाने ते उठून बाथरूममध्ये गेले. दाराबाहेर आई आणि मी श्वास रोखून उभ्या. इतक्या आतुरतेने मी कुठल्याही सभेत कान दिलेला नाही! आवाज आला आणि आईने मला मिठी मारली. (मग एक धपाटाही घातला.)

बाबा आता ठणठणीत आहेत. डिस्पेन्सरवरचा माझा कागद आईने फाडला आणि तिथे माझा माफीनामा चिकटवला, सहीसकट. येणारा-जाणारा तो वाचतो, आधीचं आमंत्रण रद्द झालं असं समजून हसतो आणि माठातलं पाणी मागतो. माझं इतकं वाचलं गेलेलं दुसरं लिखाण नाही!