संत्र्याचा ताण आणि आमच्या लेकाचं पोट

सून अकोल्याला माहेरी जाऊन बसली, तेव्हा आमच्या बागेत ताण चालू होता. ज्यांच्याकडे संत्रा नाही त्यांच्यासाठी सांगतो. बहार धरायचा असला की झाडाचं पाणी तोडावं लागते. पानं पिवळी पडून गळतात. नवा माणूस पाहील तर म्हणेल, बाग मेली. मग बेतानं पाणी दिलं की झाड फुलावर येते. जो भिऊन पाणी देतच राहतो, वरून युरिया टाकतो, त्याचं झाड हिरवंगार, भरगच्च, पण फुलाचं नाव नाही. त्याला आम्ही झाड माजलं म्हणतो. मी चौथीच्या पुढं शिकलो नाही, पण बागेत मला कोणी शिकवायला येऊ नये.

लेकाचं अंजनगावला बी-खताचं दुकान आहे. लग्नात सडपातळ होता. मग दिवसभर खुर्ची, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, बागेपर्यंत यायलाही मोटरसायकल. पोट पुढं आलं. मला ते आवडायचं. खात्यापित्या घरचा दिसतो, असं मी चारचौघांत म्हणायचो. लग्नाला वर्षं झाली, लेकरू होईना, तसं बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, डिंकाच्या लाडवात तूप वाढवलं. वरून केळी, साय घातलेलं दूध. लेकाला ताकद यावी म्हणून. तपासण्या मात्र साऱ्या सुनेच्याच झाल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी बहीण आली होती. ती धामणगाव रेल्वे या गावात दिलेली आहे. सुनेच्या देखत ती बुढीला म्हणाली, "वयनी, इच्या ओटीत टाकून काय फायदा? माह्या नणंदेची पोरगी हाये, आपल्या पोट्ट्यासाठी पाहून घ्या." सुनेनं हातातलं वाणाचं ताट खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं अकोल्याची गाडी धरली.

तिला आणायला मी स्वतः गेलो. सासरा दारात आल्यावर येईल, हा माझा हिशेब. तिनं चहा दिला आणि समोर उभी राहिली.

"मामाजी, माह्यात काही खोट नाही. दोन-दोन डॉक्टरांनी सांगतलं. आता त्यायले तपासाले न्या. आन् जे निघन ते धामणगावच्या आत्याबाईले तुमी स्वतः सांगजा. मंग मी येतो."

"आमच्या घरच्या गडीमाणसाले तपासाचं?"

"गोऱ्हा इकत घेताना तपासता ना तुमी?"

मी अर्धा चहा ठेवून उठलो. अकोटपर्यंत रागात होतो. अकोटला गाडी बदलली तरी राग होता, पण तिच्या बोलण्यात खोटं काय ते काही सापडेना.

लेक आधी तयारच होईना. "लोकं काय म्हणतीन, बाबा?"

"लोकं म्हणतीन, अमरावतीले दाढ काढाले गेला. चाल."

अमरावतीला डॉक्टरीणबाई होती. रक्त घेतलं, बाकीचं घेतलं आणि चार दिवसांनी परत बोलावलं. मी बाहेर बसावं असं लेकाचं म्हणणं होतं. मी आत गेलो. बाईनं लेकाच्या पोटाकडं बोट दाखवलं.

"साखर वाढली आहे. रक्तात चरबी वाढली आहे. हा घेर तर दिसतोच आहे. लोकांना वाटतं याचा त्रास फक्त हृदयाला होतो. यानं पुरुषाचं बीजसुद्धा कमी होतं, सुस्त होतं. यांचं तसंच झालंय."

लेकानं मान खाली घातली. मी म्हटलं, "म्हंजे झाड माजलं."

"काय?"

मी बाईला ताण समजावून सांगितला. बाई हसली नाही, नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "गोळी देते. पण वजन उतरलं पाहिजे, रोज चाललं पाहिजे, झोप वेळेवर, आणि खर्रा आजपासून बंद. नवं बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तेव्हा परत तपासू. मूल होईलच असं वचन मी देत नाही, पण बऱ्याच जणांचं सुधारतं. आणि बाबा, त्याला उपाशी ठेवू नका. ताण जास्त झाला तर झाड वाळतं ना?"

बाई मला पसंत पडली. इतकी वर्षं कोणी नशीब म्हणत होतं, कोणी करणी म्हणत होतं. पोट असेल तर ते उतरवता येते. त्या दिवशी परतवाड्याच्या गाडीत मला लागली तशी झोप कित्येक दिवसांत लागली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मोटरसायकल दुकानात. सकाळी मी पुढं, लेक मागं, गावातून बागेपर्यंत पायी.

"बाबा, जरा हळू!"

"बुढा मी हाओ का तू हायेस बे?"

बुढी दारातून ओरडायची, "लेकरू वाळून राहिलं माहं!" मी लाडवाचा डबा गड्यांना वाटून टाकला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

बहिणीला सांगायचं मी मुद्दाम लांबवलं. खोट सांगायचीच, तर सुधारली हेही सांगता यावं. लेक मधून मधून अकोल्याला जायचा. सून त्याला जेवू घालायची, पण येते म्हणायची नाही. उन्हाळ्यात दुसरी तपासणी झाली. साखर उतरली होती, पट्ट्याला आतून नवी भोकं पाडली होती, आणि बाई म्हणाली, बीज वाढलंय, चांगलं हलतंय. बागेत तेव्हा बोराएवढी संत्री धरली होती.

मी तसाच अकोल्याला गेलो. व्याही-विहीण, सून, सारे समोर बसले. लेकीसारख्या सुनेकडूनच फोनवर बहिणीचा नंबर लावून घेतला आणि आवाज मोठा करायला सांगितला.

"आइक," मी बहिणीला म्हटलं, "खोट आपल्या पोट्ट्यात निघाली. सुनेत काहीच नाही. तू त्या दिवशी बोलली ते वापस घे."

 तिकडून ती म्हणाली, "काहीबी सांगतं दादा तू! आमच्या घरच्यायचं पोट त्याच्याहून मोठं हाये. आमाले पाच झाले!"

"साऱ्या झाडाचं सारखं नसते, बाई. आमचं माजलं होतं. आता ताण बसला."

"मंग माह्या नणंदेच्या पोरीले काय सांगू?"

"तिले दुसरं घर पाह्यजो."

विहिणीनं तोंडाला पदर लावला. बहिणीनं "बरं, चुकलं माहं" म्हटलं, हळू, पण साऱ्यांना ऐकू गेलं. सून आत गेली आणि लगेच बॅग घेऊन आली. बॅग भरलेलीच होती.

लेकरू अजून झालेलं नाही. हे लिहून राहिलो तेव्हाही नाही. व्हायचं तेव्हा होईल.

त्या दिवशी परत येताना, अकोटला गाडी बदलल्यावर, तिनं आईनं दिलेला पेढ्यांचा डबा उघडून माझ्यापुढं धरला. मी एक खाल्ला, दुसरा उचलला.

"मामाजी, तुमी कधी साखर तपासली काय?"

"मले काय झालं?"

"मंग त्यायच्यात आली कुठून?"

मी पेढा हातात धरून खिडकीबाहेर पाहत बसलो. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला, डबा बंद केला आणि आपल्या पायाशी ठेवला. आमच्या घरात माझ्या हातातून घास काढून घेणारं दुसरं कोणी नव्हतं.  अंजनगाव येईपर्यंत मस्त झोपलो.