दारातला तांब्या

१८ जानेवारी. सकाळपासून वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो, मी आणि माझी वहिनी. शेंगा तिनेच डोळखांबकडच्या माझ्या माहेराहून पिशवी भरून आणल्या होत्या. शहापूरच्या आमच्या घरी त्या दिवशी लेकीच्या होणाऱ्या सासरची माणसं ठाण्याहून यायची होती.

पाहुणे आले. मी हात पुसेपर्यंत वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात. माझ्या माहेरच्या गावात पाहुण्याच्या पायांवर पाणी घातल्याशिवाय त्याला घरात घेत नाहीत. पाहुणे बूटमोज्यांत उभे.

"काढा ना पायातलं, पानी घालते," वहिनी म्हणाली. विहीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या.

मी हसून म्हणाले, "मनावर घेऊ नका हं. आमच्या वहिनी जरा गावठीच."

सगळे हसले. वहिनीही हसली, तांब्या घेऊन आत गेली आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आली नाही.

कल्याणच्या कॉलेजात माझं 'नाय' आणि 'आमी' ऐकून मुली मला हेच म्हणायच्या. मी घरी येऊन रडायचे. तेव्हा हीच वहिनी ताट पुढे सरकवून म्हणायची, "गावच्यांना गावठी नाय तं काय बोलतील गो? जेव आधी." तिच्या तोंडी त्या शब्दाला काही धार नव्हती. मी मात्र तो अगदी त्या मुलींसारखा उच्चारला.

दुपारी पिशवी भरताना ती म्हणाली, "लग्नात पोरीला मांडवात तुझा भाऊ एकटाच आनल. मी मागं भांड्यांवर बसन."

नवरीला मांडवात मामा-मामीने आणायचं असतं. मी "काहीतरीच काय" एवढंच म्हणाले आणि एसटी चुकेल म्हणून तिला घाईने स्टँडवर सोडलं. स्टँडवर एसटीची वाट बघताना माफी मागायला वेळ होता. मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली जीप पकडून मी तिच्या दारात गेले. तिने तांब्या आणला. मी चपला काढून पाय पुढे केले आणि तिच्यासमोरच विहीणबाईंना फोन लावला. "काल दारात पाणी घेऊन आल्या, त्या मुलीच्या मामी. मी त्यांना गावठी म्हटलं, ते माझं चुकलं. मुलीला मांडवात त्याच आणतील."

वहिनी ऐकत होती. "मंग मांडवाच्या दारात पाहुन्यांच्या पायांवर मी पानी घालनार हां," ती म्हणाली.

"घाल," मी म्हणाले आणि पाय पुसून आत गेले.