भाऊजींची पाणीकपात

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, एका प्रयोगशाळेत पंप सांभाळतात. तिथल्या लांबलचक नळीत पाण्याची वाफ सोडतात आणि तिच्यावर प्रोटॉन मारतात. प्रोटॉन जाता जाता पाण्याच्या रेणूचा इलेक्ट्रॉन हिसकावतो आणि मग त्या रेणूचे बरेचदा तुकडे होतात. हायड्रोजन एकीकडे, उरलेला ऐवज दुसरीकडे. नळीत बाहेरची हवा शिरू द्यायची नाही, एवढंच भाऊजींचं काम. पण घरी येऊन "आज पाणी सुरेख फुटलं" असं सांगायचे ते जणू स्वतः हातोडी घेऊन फोडल्याच्या थाटात.

मग ताईच्या डोळ्यामागे गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, प्रोटॉनने मारू. आम्हाला हायसं वाटलं. घरचाच माणूस त्यातला. भाऊजी मात्र पांढरेफटक पडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ बाईंना विचारलं, "माणसात पाणी किती असतं हो?"

"निम्म्याहून जास्त," बाई मान वर न करता म्हणाल्या.

झालं. घरात पाणीकपात सुरू. ताईच्या उशाचा तांब्या गेला, चहा अर्ध्या कपावर आला. पाणी कमी, तर फुटणारही कमी, असा त्यांचा हिशेब. कोणाला सांगितला नाही. बोलून दाखवायचीसुद्धा भीती.

पहिल्या उपचाराच्या सकाळी दवाखान्यात ताई बाकावरून उठली आणि गरगरून परत खाली बसली. नर्सने तिचे सुकलेले ओठ पाहिले. "पाणी प्यायलात का?"

"आमच्याकडे नळ बंद आहे," ताई नवऱ्याकडे बघत म्हणाली.

भाऊजींनी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर हसले नाहीत. "अहो, पाणी फुटायलाच हवं. ते तुकडेच गाठीला मारतात."

"आणि डोळ्याला?"

"मारा गाठीतच थांबेल असं बेतलंय. पण डोळ्याची नस अगदी शेजारी आहे. हमी नाही देता येत."

ताई दोन पेले पाणी घटाघटा प्यायली. थोड्या वेळाने उठली. "गाठ तर न विचारताच डोळा खातेय. हे निदान विचारून तरी चाललंय."

जाड दार लागलं. वर लाल दिवा पेटला. मी म्हटलं, "काहीच आवाज येत नाही."

"आमच्याकडेही येत नाही," भाऊजी म्हणाले. "तरी फुटतं."

लाल दिवा विझला.

दार उघडलं. ताई नर्सच्या हाताला धरून बाहेर आली. भाऊजींनी धावत जाऊन तिच्यासमोर हात धरला. "किती बोटं?"

ताईने डोळे बारीक केले. "आधी हात स्थिर धरा," ती म्हणाली, "मग मोजते."