मंजुरी येईपर्यंत

डॉक्टरांनी सकाळीच घरी जायला सांगितलं, तेव्हापासून वहिनी वेणीफणी करून, चपला घालून कॉटवर बसली होती. पण राज्याच्या आरोग्य विम्याची मंजुरी आल्याशिवाय हॉस्पिटल तिला सोडत नव्हतं. भिंतीवरच्या टीव्हीत मंत्री सांगत होते, नवे नियम रुग्णांच्या सोयीचे आहेत. मला तो टीव्ही फोडावासा वाटला. जिला कधी पाहिलं नाही, ती घरी केव्हा जाणार हे कुणीतरी दूर बसून ठरवणार, आणि याला सुधारणा म्हणायचं!

दुपार टळल्यावर वहिनी उठून सरळ दाराशी गेली. वॉचमन आडवा आला.

"ताई, मंजुरी नाही अजून."

"मी आजारी होते, गुन्हेगार नाही," वहिनी म्हणाली.

त्याने मान खाली घातली, पण तो हलला नाही. वहिनीही हलली नाही. पोटावरचे टाके दाबून ती तिथेच उभी राहिली. संध्याकाळी मंजुरी आली, तेव्हा तिला दोघांनी धरून रिक्षात बसवावं लागलं.