कंट्री म्हणजे देशीच

मिरज सोडलं तेव्हा गिटार माझ्या मांडीवर होती. कराडला गर्दी वाढली आणि कंडक्टर म्हणाला, "मावशी, ती वर टाका." टाकली. साताऱ्याच्या पुढे एका धक्क्याला कुणाची तरी पत्र्याची पेटी सरकून तिच्यावर आदळली. स्वारगेटला उतरून खोळ उघडते तर दोन तारा तुटलेल्या. पुण्यात माझं आगमन हे असं झालं.

मी निवृत्त नर्स. शिकत होते तेव्हा होस्टेलच्या मेट्रनबाईंकडे अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांच्या रेकॉर्डी होत्या. गिटार धरायलाही त्यांनीच शिकवलं. कंट्री म्हणजे तिकडची गावाकडची गाणी: ट्रक, शेत, दारू, मोडलेला संसार. गाणारेही तसलेच. कुणी कापूस वेचणारा, कुणी ट्रक हाकणारा. एखादं गाणं तिकडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या नंबरावर चढायचं, बंगला व्हायचा, आणि मग यादीतून उतरलं की उरलेला जन्म जत्रांमधून तेच गाणं म्हणत फिरायचं. मला त्यांची कीव यायची. बायकाही होत्या. लेकरं निजवून स्टेजवर उभ्या राहणाऱ्या. त्यांचा मात्र भयंकर हेवा वाटायचा.

कारण आमच्याकडे आधी वडील आणि मग यजमान, दोघांचं म्हणणं एकच, "गायचंय तर स्वयंपाकघरात गा." सगळा जन्म मी फोडणीच्या आवाजात गायले. आता दोघंही नाहीत, आणि माझा आवाजही काही फार दिवस साथ देणार नाही. धाकटी बहीण सुमन कोथरूडला राहते. तिनं सोसायटीच्या गाण्यांच्या कार्यक्रमात माझं नाव देऊन टाकलं. चारचौघांत एकदा तरी गायचं, एवढ्यासाठी मी निघाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनच्या स्कूटरवरून बुधवार पेठ गाठली. दगडूशेठला बाहेरूनच हात जोडले. वाद्यांच्या दुकानात पाटी होती, 'वाजवून पाहायचे असल्यास वाजवता येणे आवश्यक.' मालक निसारभाई, आजोबांपासूनचं दुकान, बोलणं अस्सल पेठेतलं.

"तारा हव्यात."

"नातवाला?"

"मला."

त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं, तारा चढवल्या आणि गिटार पुढे केली. "पाटी वाचलीत ना?"

मी स्टुलावर बसले आणि वाजवलं. थोडं गुणगुणलेही. निसारभाईंनी पंखा बंद केला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"हे काय म्हणायचं?"

"कंट्री."

"ते इथं मिळत नाही, ताई. पुढच्या गल्लीत सरकारमान्य दुकान आहे."

(आपल्याकडे देशी दारूला कंट्री म्हणतात, हे मी पार विसरले होते.) हसून हसून माझे डोळे भरले. निसारभाई मात्र गंभीर चेहऱ्यानं सुटे पैसे शोधत राहिले.

येताना मिसळ खाल्ली. आमच्याकडच्या मानानं फारच सपक. तसं म्हटलं तर सुमन म्हणाली, "गप खा."

संध्याकाळी कार्यक्रमासाठी खाली उतरलो तर लिफ्टजवळ नवा कागद चिकटवलेला, 'कार्यक्रमात फक्त देशी गाणी. हुकमावरून.' शेजारच्या गाणाऱ्यांच्या यादीत माझ्या नावावर काट मारलेली. एवढ्या लांबून येऊन पुन्हा तेच! इथंही कुणीतरी आपलं स्वयंपाकघर दाखवायला उभाच. मग मात्र संताप आला. सेक्रेटरी दामले स्टेजच्या पायरीशीच उभे होते.

"अहो, आपण पाहुण्या. आपण निवांत ऐका की."

"ऐकायला घरी रेडिओ आहे."

"नियम आहे हो. फक्त देशी."

"मग अडलंय कुठं? मी कंट्रीच गाणार आहे. कंट्री म्हणजे देशी. खात्री नसेल तर कुठल्याही गुत्त्यावर विचारून या."

मागच्या खुर्च्यांमध्ये हशा पिकला. दामले लाल झाले. "हा शुद्ध वितंडवाद आहे."

"पुण्यात आलेय, दुसरं काय करणार?" असं म्हणून मी पायरी चढले.

आधी गाणं मराठीत सांगितलं. एक बाई ओटा पुसते, किल्ली खिळ्याला अडकवते आणि बस पकडते, एवढंच. मग सुरू केलं. पहिली ओळ कापरीच आली. पुढच्या रांगेतले दोघे-तिघे उठून गेले. जाईनात का! दुसऱ्या कडव्याला गळा मोकळा झाला. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं.

टाळ्या बेताच्याच पडल्या. खाली उतरले तर एका बाईंनी हात धरला. सुमन कानात म्हणाली, "दामल्यांच्या मिसेस."

"त्या गाण्यातली बाई परत येते का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

"बरं करते," त्या म्हणाल्या आणि बटाटेवड्यांचा ट्रे घेऊन पुढे गेल्या.

सकाळी परतीची गाडी धरली. कंडक्टर नवा, हुकूम जुनाच. "मावशी, ती वर टाका."

"नाही टाकणार. मांडीवरच राहील."

"लोकांना त्रास होतो."

"होऊ दे."

तो पुटपुटत पुढे गेला. स्वारगेट मागे पडलं. माझं गाणं कुठल्याही यादीत चढलं नाही, बंगलाही होणार नाही. पण जत्रेत गात फिरणाऱ्यांची कीव करायचे ना मी, ती आता करणार नाही. यादीतून उतरल्यावरही ते गातच राहिले. कात्रजच्या चढाला गाडी लागली तशी मी खोळीची चेन उघडली.

शेजारच्या बाई दचकल्या. "अगंबाई, इथं गाणार?"

"स्वयंपाकघर सोडून कुठंही," म्हटलं आणि तार छेडली.